गोळी मी घेतच होते

"तुम्हाला हाशिमोटो आहे," असं वाशिमचे डॉक्टर म्हणाले तेव्हा मला ते एखाद्या जपानी शिलाई मशीनचं नाव वाटलं. मी रिसोडला बायकांचे ब्लाउज शिवते, त्यामुळे डोकं आधी तिकडेच धावलं. मग त्यांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं, त्यात थायरॉईड ग्रंथी दाखवली आणि हा ऑटोइम्यून आजार आहे असं सांगितलं. म्हणजे रोगाशी लढायला शरीरानं ठेवलेले पहारेकरी आपल्याच अवयवावर तुटून पडतात. माझे पहारेकरी माझी थायरॉईड खाऊन टाकत होते.

त्याआधीचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. भर मे महिन्यात सगळं घर कूलरसमोर बसलेलं असायचं आणि मी शाल पांघरून कोपऱ्यात. आवाज घोगरा झाला, कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. सगळ्यात वाईट म्हणजे मापं डोक्यात राहीनात. एका नवरीच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या मी उजव्याच कापल्या. घरचे म्हणायचे, आळस भरला अंगात. आजाराला नाव मिळालं तेव्हा वाईट वाटायच्या ऐवजी मला हायसंच वाटलं.

औषध होतं लिव्होथायरॉक्सिन. जे हार्मोन ग्रंथी आता पुरेसं बनवत नाही, तेच गोळीतून द्यायचं. सकाळी उपाशीपोटी, आणि बहुधा जन्मभर. ते पुरतंय की नाही हे टीएसएच नावाच्या रक्ततपासणीत कळतं. मेंदू थायरॉईडला किती जोरानं कामाला लावतोय, त्याचा तो आकडा. आकडा चढला की समजायचं, औषध कमी पडतंय. पहिल्या काही महिन्यांत माझा आकडा खाली आला. शाल पेटीत गेली आणि बाह्या पुन्हा एक डावी, एक उजवी निघू लागल्या.

मग डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी, व्हिटॅमिन डी कमी, हाडंही दुखत होती. त्यांनी लोहाची गोळी दिली, आणि कॅल्शियम-व्हिटॅमिन डीची एक. लोहाची सकाळी, कॅल्शियमची रात्री. सकाळी म्हणजे सकाळी. मी थायरॉईडच्या गोळीसोबतच लोहाची गोळी घेऊ लागले. कोणती गोळी कोणत्या गोळीपासून लांब ठेवायची, हे ना डॉक्टरांनी सांगितलं, ना मेडिकलवाल्यानं. पुढच्या तपासणीत आकडा चढला.

"गोळ्या नियमित घेत नाही तुम्ही," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, रोज घेते, एक दिवस चुकवत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरा लक्ष ठेवा."

इथून माझ्या आजारपणाचा खरा भाग सुरू झाला आणि त्याचं नाव कुठल्याही रिपोर्टात सापडणार नाही.

माझे यजमान शिरपूरच्या शाळेत क्लार्क आहेत. त्यांच्या चुलतभावाला मागे टीबी झाला होता. टीबीच्या गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गिळायच्या असतात, म्हणजे कोणी मध्येच सोडत नाही. ते यांनी पाहिलं होतं. तोच कायदा त्यांनी घरात लावला. पण त्यांना शिरपूरची बस गाठायची असते, म्हणजे पहारा द्यायला वेळ सकाळचाच. मी म्हटलं, कॅल्शियम रात्रीचं आहे. तर म्हणाले, "रात्री मी झोपून जातो, तवा कोण पाहीन तुले?" म्हणून कॅल्शियमही सकाळी आलं. सासूबाईंनी दुजोरा दिला, की एकदाच गिळून टाकत जावं, दिवसभर गोळ्यांचं तोंड कशाला पाहायचं. सोबत दुधाचा चहा. चहा घेतला तरी माणूस उपाशीच, असं आमच्या घरात सगळेच मानतात. उपासालासुद्धा चहा चालतोच की.

तर रोज सकाळी माझ्या तळहातावर तीन गोळ्या, दुसऱ्या हातात चहाची कपबशी आणि समोर नवरा उभा. अशी मी गोळ्या गिळू लागले, आणि आकडा आणखी चढला. पहारा बसल्यावर चढला. यातून कोणाच्याही डोक्यात काही यायला हवं होतं. पण डॉक्टरांच्या डोक्यात एवढंच आलं की बाई बिलंदर आहे. त्यांनी गोळीची ताकद वाढवली. पन्नासची होती ती पंचाहत्तरची झाली, मग शंभरची, मग त्याहून मोठी. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. वर माझ्यादेखत यांना सांगितलं, "काही पेशंट गोळी जिभेखाली धरून ठेवतात आणि नंतर थुंकून टाकतात."

दुसऱ्या दिवशी मी गोळ्या गिळल्या आणि नवरा म्हणाला, "तोंड उघड."

बेचाळीस वर्षांची बाई मी. लेक कॉलेजात शिकते, दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलंय. मी तोंड उघडलं. "जीभ वर कर," ते म्हणाले. जीभही वर केली. बैल विकत घेताना दात पाहतात तसे ते वाकून पाहत होते, आणि सासूबाई मागून मान वाकडी करून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते रोज चालू राहिलं. शेजारच्या बाईनं कुंपणावरून हे पाहिलं आणि दुकानात येऊन हळूच विचारलं, छातीचा आजार, म्हणजे टीबी, आहे का म्हणून. त्यानंतर तिनं आपलं ब्लाउजपीस दुसरीकडे शिवायला टाकलं.

मी भांडले नाही असं नाही. एके सकाळी तिन्ही गोळ्या अंगणात भिरकावल्या. झालं, तोच माझ्याविरुद्धचा पुरावा ठरला. "पाह्यलं? म्हनूनच डॉक्टर म्हनत होते," असं सासूबाई म्हणाल्या. पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या कानावरही ते घातलं गेलं.

थंडी परत आली, चेहरा सुजला, मापं पुन्हा विसरू लागले. आणि मग सगळ्यात भयंकर गोष्ट झाली. मला माझीच शंका येऊ लागली. सगळे एवढं म्हणतात, डोकंही काम करत नाही, तर खरंच आपण गोळी थुंकत तर नाही ना? मशीनवर बसल्या बसल्या मी जिभेखाली बोट घालून पाहायची. माझा माझ्यावरचा विश्वास त्या लोकांनी काढून घेतला, हे मी त्यांना कधीही माफ करणार नाही.

माझी मोठी बहीण शेलूबाजारला दिलेली आहे. ती भेटायला आली, माझा चेहरा पाहिला आणि कोणालाही न विचारता अकोल्याच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टचा नंबर लावला. एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे ग्रंथींचे डॉक्टर. यजमान फाइल घेऊन सोबत आलेच. तिथल्या बाकड्यावर आम्ही सकाळपासून बसलो होतो. समोर भिंतीवर गळ्याचं मोठं चित्र होतं, आणि मी मनात एकच वाक्य घोकत होते, मी गोळी घेते, मी गोळी घेते.

आत गेल्याबरोबर यजमान सुरू झाले की मॅडम, ही गोळ्याच घेत नाही. मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून गोळी घेईपर्यंत काय काय करता, ते मला सांगा."

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणीतरी विचारला. मी सांगत गेले. तीन गोळ्यांपर्यंत आले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. तिन्ही एकत्र आणि तेही चहासोबत, असं दोनदा विचारून खात्री केली. मग समजावलं. कॅल्शियम आणि लोह थायरॉईडच्या औषधाला पोटातच धरून ठेवतात, त्यातलं बरंचसं रक्तात जाऊच देत नाहीत. त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. दुधाचा चहाही त्यात अडथळा आणतो. मग त्या यजमानांकडे वळल्या. "गोळी रोज पोटात जात होती. रक्तात जात नव्हती."

मी तिथेच रडले. बरं वाटून नाही, संतापानं रडले. ज्या पहाऱ्यानं मला चोर ठरवलं, त्याच पहाऱ्यानं माझं औषध वाया घालवलं होतं.

मॅडमनी गोळीची ताकद कमी करून दिली. अडथळा निघाल्यावर एवढी मोठी गोळी अंगात गेली असती तर छाती धडधडायला लागली असती, असं त्यांनी सांगितलं.

हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी ही गोळी असेल तर मला जे सांगितलं गेलं ते ऐकून ठेवा, आणि आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. मनानं काही बदलू नका. थायरॉईडची गोळी मी उठल्याबरोबर साध्या पाण्यासोबत घेते. चहा तासाभरानं. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर, आणि कॅल्शियम थेट रात्री, कारण ती दोघंही एकमेकांना नडतात. ॲसिडिटीच्या काही गोळ्यांचंही असंच असतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा, त्यानं थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. आणि घरातल्या आजारी माणसाचा आकडा चढला, तर त्याचं तोंड उघडून पाहण्याआधी तो गोळी कधी आणि कशासोबत घेतो ते विचारा. एवढ्याला काही डॉक्टरकी लागत नाही.

पुढच्या तपासणीत आकडा जागेवर आला. तो रिपोर्ट वाशिमच्या डॉक्टरांना दाखवायचाच, असा हट्ट मी धरला. यजमानांना यायचं नव्हतं, त्यांना घेऊनच गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि हसून म्हणाले, "छान. बघा, नियमित घ्यायला लागलात तर किती फरक पडला."

"डॉक्टर, गोळी मी आधीबी रोजच घेत होते," मी म्हटलं. "कायसोबत घेते, हे तुमी मले एकदाबी विचारलं नाही."

मग गोळ्यांचं अंतर, कॅल्शियम, लोह, सगळं सांगितलं. बरं बरं म्हणून त्यांनी घंटी दाबली आणि पुढचा पेशंट आत आला.

असं लिखाण संपवताना सगळ्यांचे आभार मानायची रीत आहे. माझ्याजवळ दोघींपुरतेच आहेत. एक अकोल्याच्या मॅडम, ज्यांनी मला सरळ एक प्रश्न विचारला, आणि दुसरी माझी बहीण. बाकी कोणाचे उधारीतही मिळणार नाहीत.

त्या दिवशी वाशिमहून रिसोडला येताना बसमध्ये यजमान माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले वाटलं, एवढा मोठा डॉक्टर, तो कायले खोटं बोलन?"

"आन मी कायले बोलीन?" मी विचारलं.

रिसोड आलं, आम्ही उतरलो, घरी आलो. तोंड उघड असं त्यांनी त्यानंतर कधी म्हटलं नाही, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तरही दिलं नाही. मी तो अधूनमधून परत विचारते.