हिरव्या लुगड्याची झोळी

आज अंगणवाडीत पोरांची वजनं होती. आढ्याला ताणकाटा टांगला होता आणि त्याच्या झोळीत सुमनचं तान्हं पोर लोंबत होतं. ती झोळी माझ्या बायकोच्या हिरव्या लुगड्याची. तिनंच शिवून दिलेली. ती गेली, झोळी राहिली.

"परत उतरलं की गं वजन," अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या. "सरकारचा खाऊ देतेस ना?"

"मी दिवसभर रानात. भरवायला सरकार येतंय का?" सुमन फणकारली. "म्हातारी होती तवर पोर कसं गुबगुबीत होतं."

खरंच होतं. कामावर जाणाऱ्या बायांची पोरं आमच्या ओट्यावर असायची. ही बसायची एकेकाला चारत.

सरकारला नावं ठेवत नाही मी. काटा दिला, पाकिटं दिली. पण पाकीट फोडून, कालवून, रडत्या तोंडात घास घालायला माणूस लागतं. ते काही कुठल्या योजनेच्या गाडीतून आमच्या गावात उतरलं नाही.

"माझ्याकडं ठेव त्याला," मी म्हणालो.

सुमननं माझ्या थरथरत्या हातांकडं बघितलं. "राहू द्या, आबा." पोराला कडेवर घेऊन ती रानाकडं निघाली.

मी झोळीत हात घातला. लुगडं उबदार लागलं. ती ऊब पोराची होती, एवढं कळतं मला. तरी हात लवकर निघाला नाही.