पंख्यापुढची झेंडूची माळ

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या: राबणाऱ्या आणि खेळण्यातल्या. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर त्यांनी उभी हयात काढली. निवृत्तीनंतरही दसऱ्याला आमच्या काळेवाडीच्या घरात त्यांची पूजा तशीच साग्रसंगीत चालायची. पान्यांची पेटी, स्कूटर, आईचं शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. माझ्या गेमिंगच्या कॉम्प्युटरला मात्र एक फूलही नाही. तळवड्यात नोकरीला लागल्यावर एकेक भाग जमवून तो मी स्वतः जोडला होता. अण्णांसाठी ते खेळणंच. मला राग यायचा. बोलून दाखवत नव्हते, पण यायचा.

म्हणून एका दसऱ्याला कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या तोंडावर भलीमोठी माळ दिसली तेव्हा मी दारातच थबकले. त्या दुपारी श्रीखंड मी पुन्हा पुन्हा मागून घेतलं.

आमच्याकडे गाडीला घातलेली माळ सुकून आपोआप गळेपर्यंत कोणी काढत नाही. ही काढायला तर माझा हातच होईना.

मग ग्राफिक्स कार्ड तापायला लागलं. गेम सुरू केला की तापमान नव्वदीकडे, पंखे बोंबलायचे, पडद्यावरचं चित्र अडखळायचं. मी पंख्यांचा वेग वाढवला, कार्डातली उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलली, कॅबिनेट भिंतीपासून पुढे ओढलं, दुकानदाराशी फोनवर कडाकडा भांडले. बिचारा. माळ डोळ्यांसमोर लोंबत होती आणि ती सोडून मी सगळीकडे शोधत होते.

शेवटी एका रविवारी सकाळी पुढची जाळी उघडली. आतल्या फिल्टरवर वाळक्या पाकळ्यांचा थर, त्यावर रस्त्याची धूळ. पंख्यांनी रोज थोडी थोडी माळ आत ओढली होती, आणि कार्डापर्यंत गार हवा पोचतच नव्हती. मला हसू फुटलं. हसतच मागे वळले, तर अण्णा उभे.

"माझ्यामुळं झालं व्हय गं?"

"नाही हो अण्णा, धूळ आहे नुसती." माझी मूठ पाकळ्यांनी भरलेली होती. ते बाहेर जाऊन बसले.

पुढच्या दसऱ्याला पेटीला माळ, स्कूटरला माळ, शिलाई मशीनला माळ. कॉम्प्युटरला कुंकवाचं बोटही नाही. एवढी कमावती बाई, आणि एका माळेसाठी डोळे भरून आले. मी उरलेली माळ उचलून त्यांच्या हातात दिली.

"अण्णा, हा राहिला."

"नगं. त्याचा श्वास कोंडतो."

"श्वास पुढून घेतो, मागून सोडतो. मागे बांधा ना."

त्यांनी मागची जाळी मोकळी ठेवून वरच्या कडेला माळ बांधली, कुंकू लावलं, हात जोडले. मग मला म्हणाले, "चालू कर."

मी गेम लावला. हळूहळू मागून गरम हवा यायला लागली, झेंडू हलू लागले. अण्णांनी त्या हवेत तळहात धरला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"राबतंय की गं," ते म्हणाले.