कंट्रोल एच आणि बाबांची नोटीस

मंडळी, एक शॉर्टकट सांगतो, उपयोगी आहे. फाइलमध्ये एकच नाव बऱ्याच ठिकाणी बदलायचं असेल तर कंट्रोल एच दाबा. वरच्या चौकटीत जुनं नाव, खालच्या चौकटीत नवं. 'रिप्लेस ऑल' केलं की सगळीकडे बदलतं.

हे मला बाबांनी शिकवलेलं. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. बिल्डिंगमध्ये कोणी गेलं की शोकसभेची जुनीच फाइल उघडायचे आणि नाव बदलून नोटीस लावायचे.

बाबा परवा गेले. आज ती फाइल मी उघडली. मागची नोटीस लेले आजोबांची होती. वरच्या चौकटीत त्यांचं नाव टाकलं, खालच्या चौकटीत बाबांचं. झालं लगेच. रडू वगैरे काही आलं नाही. प्रिंट काढली, खाली जाऊन बोर्डावर लावली.

शेजारच्या साने काकू वाचत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अरे निखिल, शेवटी सेक्रेटरी म्हणून नाव बाबांचंच राहिलंय."

खरंच की. स्वतःच्या शोकसभेला बाबाच सगळ्यांना बोलावत होते.

"बदलतो काकू," म्हटलं.

"राहू दे रे. त्यांच्या नावाशिवाय इथे कधी नोटीस लागलीये का?"

वर आलो. फाइल बंद करताना कॉम्प्युटर विचारतोय, सेव्ह करू का? सेव्ह केली, तर पुढच्या वेळी वरच्या चौकटीत, जुनं नाव म्हणून, बाबांचं नाव टाकावं लागणार.

मघापासून तसाच बसलोय. तुम्ही काय दाबलं असतंत?