जावयाच्या नावाचं पत्र

हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि वडिलांची कचेरी औरंगाबादला गेली. आईही गेली. मी लग्न होऊन हैदराबादेतच बरकतपुऱ्यात होते, तिथेच राहिले. वडील दर पंधरवड्याला पत्र लिहीत, पण जावयाच्या नावानं. लेकीला वेगळं पत्र लिहिण्याची आमच्यात रीत नव्हती. लिहीत तेही उर्दूत, कचेरीतल्या घसीट वळणात. छापील उर्दू मला वाचता येई. ते वळण नाही. नवरा वाचून दाखवी.

त्या बुधवारी नवरा वरंगळला होता आणि पत्र आलं. मी फोडलं. ‘दवाखाना’ एवढा एकच शब्द लागला. तशीच शेजारच्या चाचांकडे गेले. ते कोर्टातले जुने पेशकार, असले उर्दू कागद वाचण्यात जन्म गेलेला.

“ये तो जमाई के नाम का है, बेटी.”

“पढो चाचा. गुस्सा हुए तो मेरे पे होंगे.”

त्यांनी पत्र मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

“बैठो पहले.”

“मैं खडीच ठीक हूँ.”

आईच्या पोटाचं ऑपरेशन होतं, गुरुवारी सकाळी. म्हणजे उद्याच. खाली वडिलांनी जावयाला बजावलं होतं की लेकीला कळवू नका, घाबरून धावत येईल.

रडायला वेळ नव्हता. नवऱ्यासाठी चिठ्ठी चाचांकडे ठेवली आणि काचीगुड्याहून मिळाली ती गाडी पकडली. रात्रभर बसायलाही जागा मिळाली नाही. औरंगाबादला गाडी उशिरा पोचली. ऑपरेशन सुरू झालं असेल, असं धरूनच मी दवाखान्यात शिरले.

आई खाटेवर बसून होती. नर्स वैतागलेली.

“तुम्ही मुलगी ना? समजवा यांना. मंगळसूत्र काढून देत नाहीत. डॉक्टर खोळंबलेत.”

वडील मला पाहून चपापले. “तुला कोणी सांगितलं?”

“तुमच्याच पत्रानं.”

“मी इथं आहे की. माझ्याकडे दे म्हणतोय मघापासून,” ते आईला म्हणाले.

“तुमच्या हातात कसं देऊ?” आई म्हणाली. “अक्कल आहे का काही?”

तिनं मंगळसूत्र काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ मिटली. “हं, चला,” ती नर्सला म्हणाली.

दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि धोका टळला म्हणाले. संध्याकाळी आईला शुद्ध आली. तिनं पाणी मागितलं नाही, आधी माझ्यापुढे हात पसरला.