मिक्सिंगवाले युसुफचाचा

चालू चित्र थांबवलं की युसुफचाचा चष्मा कपाळावर सरकवून उठत, चार पावलं मागे जात आणि दारात उभं राहून पडद्याकडे बघत. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "लोकं टीव्ही नाकले लाईसन देखतस का?" म्हणजे, लोक बघतात तितक्या लांबूनच बघायचं.

शहाद्याच्या बसस्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर, त्यांचं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान होतं. ते कॅसेटच्या काळापासूनचे, तेव्हा चित्रफिती जोडण्याला मिक्सिंग म्हणत; कॉम्प्युटर आला तरी गावासाठी ते मिक्सिंगवालेच राहिले. घरी हिंदी बोलत, दुकानात गिऱ्हाइकांशी आणि माझ्याशी अहिराणी.

कॉलेज संपवून मी तिथे कामाला लागले, तेव्हा त्यांनी आधी चित्रावर चित्र ठेवायला शिकवलं. चालत्या लग्नावर नवरानवरीची नावं, गुलाबाच्या पाकळ्या, वारलेल्या वडीलधाऱ्यांचा फोटो. वरचं चित्र किती दाट, किती विरळ, ते ओपॅसिटीच्या आकड्याने ठरायचं. चाचा आकडा सांगत नसत. "पातय पदरसारखं ठेव. मांगलं दिसाले पाहिजे," एवढंच.

एकदा ते नात्यातल्या लग्नाला नवापूरला गेले होते. एका मुलीच्या लग्नाचं काम माझ्याकडे होतं. तिचे वडील दोन महिन्यांपूर्वी गेलेले. मंगलाष्टकांच्या वेळी त्यांचा फोटो दिसावा, अशी भावाची इच्छा. मी हार घातलेला मोठा फोटो डावीकडे बसवला. इतका छान दिसला, की विरळ करायचं मन होईना. तसाच दिला.

चौथ्या दिवशी, चाचा दुकानात परतले होते तेव्हा, मुलीची आई एकटीच एसटीने आली. पदराच्या गाठीतून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"अक्षता पडन्यात तवय मी तठेच उभी व्हतू. यामा मी कोठेच नही," ती चाचांना म्हणाली. "मी तं जित्ती शे ना, भाऊ. माले कसं झाकी टाकं?"

मी व्हिडिओ लावला. तिच्या वारलेल्या नवऱ्याचा फोटो नेमका तिच्यावर बसला होता. मी तोंड उघडणार, तोच चाचा म्हणाले, "चूक मन्ही शे, ताई. मीच करेल शे हाई काम."

त्यांनी तिला शेजारी खुर्ची दिली आणि स्वतः माऊस धरला. फोटो लहान केला, वर मांडवाच्या रिकाम्या कापडावर नेला आणि कापडाच्या झालरी त्यातून दिसेपर्यंत विरळ केला. खाली बाई दिसू लागली. मुठीत अक्षता तशाच धरून रडत होती.

तिने ते तीनदा बघितलं. "माले इतलं रडू उनं व्हतं?" तिने हळूच विचारलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आते."

ती गेल्यावर मी बोलणी खायच्या तयारीत बसले. चाचा म्हणाले, "खाले कोन उभं शे, ते आधी देखानं," आणि चहा सांगायला खाली गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढे मी नोकरीसाठी नाशिकला आले. चाचांची नजर मंदावली, दुकान बंद झालं. गेल्या हिवाळ्यात ते वारले. मी तिसऱ्या दिवशी पोचले. चाची शांतपणे त्यांच्या गोष्टी सांगत होत्या.

"एक ही बात का अफसोस था उनको," त्या म्हणाल्या. "किसी बेवा का चेहरा फोटो के नीचे दबा दिया था. अपने हाथ से."

मी कप खाली ठेवला. "चाची, वो मैंने किया था."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"मुझे भी नहीं बताया," त्या म्हणाल्या.