आमच्या मंडळातली बिनविरोध निवड

जगातल्या महिला पंतप्रधानांवर वीस मिनिटं बोलून मी खाली उतरले, आणि कॉफी संपते न संपते तोच मला कळलं की मी निवडणुकीतून माघार घेतली आहे.

चेन्नईतल्या आमच्या मराठी मंडळात महिला दिन आणि वार्षिक सभा एकाच रविवारी, एकाच हॉलमध्ये उरकायची पद्धत आहे. आधी बायकांचं कौतुक, मग कॉफी, मग अध्यक्षाची निवड. अध्यक्ष आजवर पुरुषच. आणि निवड नेहमी बिनविरोध, याचा सगळ्यांना कोण अभिमान! एकाहून जास्त अर्ज आले तर जुनी मंडळी फोनाफोनी करून कुणाला तरी मागे घ्यायला लावतात आणि सभेत टाळ्या पडतात. आम्ही भांडत नाही म्हणे.

त्या वर्षी अर्ज दोन होते. एक पेरुंगुडीतल्या कुठल्याशा आयटी कंपनीच्या मॅनेजरांचा, दुसरा माझा. त्यांना मंडळात येऊन दोन वर्षं झाली होती. मी सहा वर्षं सहचिटणीस. गणपतीच्या मिरवणुकीच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्याच्या बाकावर मी बसायचे, विसर्जनाच्या ट्रकवाल्याशी तमिळमध्ये वाद मी घालायचे, कारण मावळत्या अध्यक्षांची मजल 'वणक्कम'च्या पुढे जात नसे. वणक्कम म्हणून ते माझ्याकडे बघत. मला ती खुर्ची हवी होती. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? हवी होती, आणि काम करून मिळवलेली हवी होती.

भाषणाची तयारी करताना एका गोष्टीने माझं डोकं फिरलं होतं, ते मी तिथेही बोलून दाखवलं. देश चालवलेल्या बाईचीसुद्धा ओळख आपण अमक्याची मुलगी, तमक्याची विधवा अशीच करून देतो. ती खंबीर निघाली तर 'पुरुषासारखी', चुकली तर 'शेवटी बाईच'. पुरुष पंतप्रधान चुकला म्हणून कुणी जगातल्या तमाम पुरुषांना घरी बसायला सांगितल्याचं ऐकिवात नाही. पहिल्या रांगेतल्या पुरुषांनी यावर जोरात टाळ्या वाजवल्या.

मग कॉफीचा कप बाजूला ठेवून अध्यक्षांनी माइक हातात घेतला. आपली परंपरा यंदाही राखली गेली, वहिनींनी मोठ्या मनाने अर्ज मागे घेतला आहे, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

मी उभी राहिले. "मी अर्ज मागे घेतलेला नाही."

ते हसले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. "अहो वहिनी, साहेबांशी झालंय आमचं बोलणं. बुधवारीच."

साहेब म्हणजे माझा नवरा. तो शेजारच्याच खुर्चीत होता आणि रिकाम्या कपात बघत होता. बुधवारपासून आम्ही रोज एका टेबलावर जेवत होतो. माझं भाषण त्याने घड्याळ लावून ऐकलं होतं, एक उच्चारही सुधारला होता. याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो हळूच म्हणाला, आधी सांगितलं असतं तर तुझं भाषण बिघडलं असतं.

मी अध्यक्षांकडे वळून म्हटलं, मतदान घ्या. कुणीतरी म्हणालं, घरचं घरी मिटवा. तेव्हा मागच्या रांगेतून तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या एक निवृत्त शिक्षिका उठल्या. त्यांनी अध्यक्षांना एवढंच विचारलं, की अर्जावर सही कुणाची आहे? बाईंची की साहेबांची? अध्यक्ष अर्जांची फाईल चाळू लागले. "पोदुम आता," त्या म्हणाल्या. म्हणजे पुरे झालं. "हात वर करवा."

हात वर झाले. मी हरले. भाषणात डोळे पुसणाऱ्या बायकांनी आधी आपापल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि मग हात वर केले. त्यांचाही राग आला, पण त्यांच्यावर तो टिकला नाही. कारण मॅनेजरांच्या बाजूने वर झालेल्या हातांत एक हात माझ्या अगदी खांद्याशेजारी होता.

अंबत्तूरला घरी पोचलो. गाडी लावून झाल्यावर मी विचारलं, "निदान हात खाली ठेवायचास. वर का केलास?"

"मी त्यांना शब्द दिला होता," तो म्हणाला.

दिलेला शब्द मोडत नाही म्हणून मंडळात त्याचं नाव आहे. अर्ज माझा, माघार माझी आणि शब्द त्याचा. अजूनही त्या रविवारचा विषय निघाला की तो लोकांना सांगतो, त्या दिवशी त्याची फार पंचाईत झाली.