गावाचं नाव असलेला फोन
कपाशीवर फवारायच्या औषधाचा वास आला की मला मेहकरहून सुटणारी संध्याकाळची एसटी आठवते. बीटी बियाणं आलं तरी फवारणी काही सुटली नव्हती, निम्म्या प्रवाशांच्या पायाशी त्या डब्यांच्या पिशव्या असायच्या. एकदा कॉलेजातून परतताना त्या गाडीत माझा नवा फोन सारखा थरथरत होता. मैत्रिणीकडून गाणी घ्यायला लावलेलं ब्लूटूथ तसंच चालू राहिलं होतं आणि कोणीतरी त्यावरून घाणेरडे निरोप पाठवत होतं. नको म्हटलं की पुन्हा नवा. घरी कळलं असतं तर फोन गेला असता आणि त्याच्यामागून कॉलेजही. शेजारी बांगड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या चाचीनं विचारलं, “काऊन घाबरून राह्यली वो?” मी सांगितलं, हे लांबून येत नाही, पाठवणारा याच गाडीत आहे. “नाव दिसते का त्याचं?” दिसत होतं. तेव्हा फोनला आपल्या गावाचं नाव द्यायची भारी हौस होती, यानंही गावाच्या नावापुढे ‘किंग’ लावलं होतं. चाचीनं बसल्या जागेवरून कंडक्टरला त्या गावाचं नाव सांगून विचारलं, “भाऊ, तिथचं तिकीट किती जणाले फाडलं?” “एकच,” म्हणत त्यानं बोट दाखवलं. मघाशी ‘बस बाई’ म्हणून उठून मला खिडकीची जागा देणारे, पिकल्या मिशांचे काका तिथे हातातल्या फोनवर मान घालून उभे होते. मी ब्लूटूथ तिथंच बंद केलं. आजही ते बंदच असतं, आणि गाडीत कोणी उठून जागा दिली की मी आधी त्याच्या हाताकडे बघते.